शहाण्णवची गाडी आणि बाराची घंटा

रविवारी सकाळी आमच्या दरीत देवाचं नाव घ्यायचं, तर दोन मोटरसायकलींच्या मधल्या फटीत घ्यावं लागायचं. पाद्रीबाबा ‘हे प्रभो’ म्हणायचे आणि ‘आमेन’पर्यंत पोचेस्तोवर चौदा गाड्या चर्चच्या वळणावरून गेलेल्या असायच्या. कोणी बव्हेरियातून, कोणी इटलीतून, कोणी हॉलंडहून. हीच माणसं आपापल्या गावात मांजराच्या पावलांनी चालवतात. शेजारी काय म्हणतील, पोलीस काय म्हणतील! सीमा ओलांडून ऑस्ट्रियात, आमच्या टिरोलमध्ये शिरली, घाट दिसला, की मेल्यांच्या अंगात येतं. इथे आपल्याला कोण ओळखतंय!

मी ओळखत होते. माझी खानावळ, ‘पांढरा मेंढा’, बरोबर त्या वळणावर आहे, चर्चला चिकटून. एकेकाच्या आवाजावरून सांगायचे, हा भाजलेलं डुक्कर मागणार, हा नुसती कॉफी पिऊन बाथरूम वापरून जाणार.

सहा हिवाळे मी वही घेऊन दारोदार फिरले. दोनशे चौदा सह्या. आमचा घंटावाला क्विरिन तीस वर्षं घंटेखाली उभा राहून ठार बहिरा झालाय, त्याचीही घेतली. तो म्हणाला, “वाल्ब, मला तर काही ऐकू येत नाही.”

मी म्हटलं, “मग का येत नाही ते लिही.”

“काय?”

“सही कर!” मी ओरडले. ते मात्र त्याला ऐकू गेलं. माझं त्याला नेहमी ऐकू जातं.

तर नियम आला. खाली दरीच्या तोंडाशी रस्त्याकडेला छोटं प्रार्थनाघर आहे, तिथे पाटी लागली. जून ते ऑक्टोबर, ज्या मोटरसायकलच्या कागदावर आवाजाचा आकडा पंच्याण्णव डेसिबलच्या वर, तिने या रस्त्यावर चाक घालायचं नाही. खाटकाचा मुलगा माझ्याकडे आला, त्याची स्वतःची अठ्ठ्याण्णवची होती. म्हणाला, “वाल्बकाकू, गावकऱ्यांना तरी सूट ठेवायला सांगा की.”

“कायद्याला काका-मामा नसतात,” मी म्हटलं. हे वाक्य मी तेव्हा इतक्या ठिकाणी ऐकवलं की पुढे ते मलाच ऐकवलं गेलं. पण ते नंतर.

माइनराड, माझ्या भावाचा मुलगा, आमच्या इथला पोलीस. त्याला आवाज मोजायचं एक यंत्र मिळालं. पहिल्या रविवारी तो ते घेऊन माझ्या अंगणात उभा. एका बेल्जियमवाल्याची गाडी मोजली, चौऱ्याण्णव. बेल्जियमवाला खूश. तेवढ्यात दूध उतू जायला लागल्याचा वास आला आणि मी खिडकीतून मुलीला हाक मारली, “आफ्रा! दूध!”

माइनराडने यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आत्या,” तो म्हणाला, “सत्त्याण्णव.”

सगळं अंगण हसलं. बेल्जियमवाला तर हेल्मेट पोटाशी धरून हसत होता. मी ओलं फडकं फेकून मारलं. माइनराड म्हणाला, “घाबरू नकोस. हे यंत्र नुसतं लोकांना दाखवायला आहे. दंड यंत्रावर होत नाही, कागदावर होतो. कागदावर पंच्याण्णव असेल तर गाडी चालली, शहाण्णव असेल तर नाही. मग ती कुजबुजली काय आणि किंचाळली काय.”

आता सीट्से.

हा हॉलंडचा. सपाट देशाचा माणूस, पन्नाशीचा, लांबच लांब, शिडीला सदरा घातल्यासारखा. धंद्याने सुतार, दारं-खिडक्या करतो. दरवर्षी मोटरसायकलवरून यायचा. बाकीचे भटके नियम मोडण्यासाठी देश बदलतात, हा नियम गोळा करायला फिरतो. फ्रान्सात हातमोजे आणि चमकतं जाकीट, आमच्याकडे मलमपट्टीची पेटी, अमक्या ठिकाणी दिवसाही दिवा. सगळं एका छोट्या वहीत. ताडाएवढा माणूस आणि अक्षर मुंगीएवढं.

नियम आला त्या वर्षी हा चालत आला. हेल्मेट काखेत, घाम कपाळावर. माझ्यासमोर गाडीचा कागद ठेवला आणि बोट टेकवलं. “मालकीणबाई, तुमच्या पोलिसाने विचारायच्या आधी मीच सांगतो. माझी शहाण्णव आहे. एक जास्त. गाडी खाली प्रार्थनाघरापाशी ठेवली आहे.”

मी शाळेत फार दिवस गेले नाही, पण आकडे मला वाचता येतात. शहाण्णवच होते.

“हरकत नाही ना?” त्याने विचारलं.

“चालायला कशाची हरकत,” मी म्हटलं. “पाय तुझे आहेत.”

तीन उन्हाळे तो असाच दीड किलोमीटर चालत वर आला. मला वाटायचं माझ्या क्नोडलसाठी येतो. चीजचे ते गोळे माझ्यासारखे कोणाला जमत नाहीत, सुपात टाकले की तरंगतात. तिसऱ्या उन्हाळ्यात लक्षात आलं की तो सूप पिताना ताटलीकडे बघतच नाही. आफ्राकडे बघतो. आणि माझी सेहेचाळीस वर्षांची एकुलती एक मुलगी, जिला आम्ही चार चांगली स्थळं दाखवली आणि जिने चौघांनाही कोबी चिरता चिरता नाही म्हटलं, ती कोबी न चिरता सुरी हातात धरून उभी.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी आयुष्यभर ज्यांच्याशी भांडले त्यांतलाच एक माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला होता, तोही चालत, तोही नियम पाळून. भांडायला जागाच ठेवली नव्हती मेल्याने.

मग मी जागा केली.

आमच्या घराण्यात मुली घर सोडत नाहीत, जावई घरात येतात. अशा माणसाची एक रीत आहे. सप्टेंबरात गावच्या चर्चचा सण असतो, त्या रविवारी त्याने खालच्या प्रार्थनाघरापासून स्वतःच्या गाडीवर स्वतःच्या हत्यारांची पेटी घालून वर यायचं. दुसऱ्याची गाडी चालत नाही. घरच्यांपैकी कोणी गाडीला हात लावायचा नाही. आणि बाराच्या घंटेचा शेवटचा ठोका पडायच्या आत सगळी चाकं आमच्या अंगणाच्या कडेच्या दगडी पन्हळीच्या आत आली पाहिजेत. आली तर टेबलावर ताट. नाही आली तर खालच्या खाली राम राम. माझा बाप बैलगाडी घेऊन आला. माझा नवरा इग्नाट्स लोहार होता, तो ऐरण घातलेली हातगाडी ओढत आला.

सीट्सेने आफ्राला मागणी घातली तेव्हा मी त्याला बाकावर बसवलं आणि हे सगळं सांगितलं. मग विचारलं, “तुझी स्वतःची गाडी कोणती?”

“एकच आहे, मालकीणबाई.”

“शहाण्णवची?”

“शहाण्णवची.”

“अरेरे,” मी म्हटलं. माझ्या आवाजात तेव्हा साखर होती. “म्हणजे रीत पाळलीस तर कायदा मोडतोस, आणि कायदा पाळलास तर रीत राहून जाते. परक्या देशातली माणसं अशीच अडकतात बघ.”

सीट्सेने एक क्नोडल खाल्ला. मग आणखी एक. वही काढली. “प्रार्थनाघर ते पन्हळ,” त्याने विचारलं, “नक्की किती मीटर?”

त्या रात्री आफ्राने भांडी आपटली नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. ती एक एक पेला पुसत म्हणाली, “आई, रीत मोडायची नाही, मला मान्य आहे. पण तो वर पोचला नाही तर मी त्याच्या मागे बसून खाली जाईन. थेट हॉलंडला. मग या खानावळीच्या चाव्या तू मांजराला दे.”

“मांजर निदान माझं ऐकतं,” मी म्हटलं.

“मांजर कोणाचं ऐकत नाही, आई. तू त्याला दूध देतेस म्हणून येतं.”

मला त्या रात्री झोप लागली नाही. पण बोललेला शब्द मी माघारी घेत नाही. घेतला असता तर दोनशे चौदा सह्या झाल्या नसत्या.

सणाचा रविवार उजाडला. ऊन होतं, बँडवाले नव्या टोप्यांत होते, चर्चमध्ये पताका. प्रार्थना आटोपून मी माडीवरच्या गॅलरीत बसले, लाल जिरेनियमच्या कुंड्यांमागे. तिथून प्रार्थनाघर दिसतं. पावणेअकराला फोन वाजला. माइनराड खालून बोलत होता, धापा टाकत.

“आत्या, तो निघाला.”

“चालवत? पकड त्याला!”

“चालवत नाही. ढकलतोय.”

“काय?”

“इंजिन बंद, किल्ली खिशात. मागच्या बैठकीवर पेटी बांधली आहे. मला त्याने किल्ली काढून दाखवलीसुद्धा. मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणतात, ढकलणारा माणूस पायी चालणारा धरायचा. पायी चालणाऱ्याला आवाजाचा आकडा नसतो.”

“तू कोणाच्या बाजूने आहेस रे?”

“आत्या,” तो म्हणाला, “कायद्याला काका-मामा नसतात.”

मी फोन ठेवला. समोर रस्त्यावर तो दिसत होता, गाडी बाजूला झुकवून, लांब पाय मागे रोवून, एक एक पाऊल. अडीचशे किलोची गाडी आणि वर सुताराची पेटी. त्याच्या शेजारून माइनराड चालत होता आणि मागून येणाऱ्या मोटारींना हाताने थांबवत होता. मोटारींमागे परदेशी मोटरसायकलींची रांग. पंच्याण्णव, चौऱ्याण्णव, ब्याण्णव, सगळ्या कायदेशीर. पण एकानेही भोंगा वाजवला नाही. हळूहळू त्यांनी इंजिनं बंद केली. दोघे तिघे उतरून आपापल्या गाड्या ढकलत मागे चालायला लागले, का कोण जाणे. तीस वर्षांत माझ्या रस्त्यावर सणाच्या रविवारी पहिल्यांदा पक्षी ऐकू आले.

पहिला भाग सोपा, जवळजवळ सपाट. त्याला सपाटीची सवयच आहे. पण चर्चखाली शेवटचा चढ आहे, ऐंशी मीटर, ज्याला आम्ही ‘गाढवाचा उसासा’ म्हणतो. बाराला दहा मिनिटं असताना तो त्या चढाच्या मध्यावर थांबला.

थांबला म्हणजे अडकला. पुढे जाईना, आणि ब्रेक सोडला तर गाडी मागे येणारच. ब्रेक दाबून नुसता उभा. श्वास घ्यायला गाडी सोडता येत नाही आणि श्वास घेतल्याशिवाय गाडी ढकलता येत नाही. त्याचा चेहरा बीटासारखा झाला होता.

आफ्रा खाली अंगणातून धावली. मी वरून ओरडले, “हात लावू नकोस! हात लावलास तर सगळं गेलं!”

ती पन्हळीवर थबकली आणि वर पाहिलं. ती ओरडली नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाली, आणि तरी मला ऐकू आलं. “तुला तेच तर हवंय, आई.”

मी पुन्हा चढाकडे पाहिलं.

तिथे मला दिसला इग्नाट्स. पन्नास वर्षांपूर्वी, त्याच जागी, ऐरणीच्या हातगाडीपुढे वाकलेला, चेहराही असाच बीटासारखा. मी बावीस वर्षांची, स्वयंपाकघरात. मी दार उघडं ठेवणारा लाकडी ठोकळा उपसला, धावत गेले आणि गाडीच्या चाकामागे सरकवला. इग्नाट्सने दांड्या सोडल्या, दहा श्वास घेतले, मग पुन्हा ओढली. मी पुन्हा ठोकळा सरकवला. गाडीला हात नाही लावला! माझी आई याच गॅलरीत बसली होती. तिने सगळं पाहिलं आणि जिरेनियमची वाळलेली पानं तोडायला लागली.

तो ठोकळा अजून स्वयंपाकघराच्या दाराखाली आहे. पन्नास वर्षं तेच काम करतोय.

मी जिना उतरले. गुडघे कुरकुरले, त्यांना म्हटलं नंतर. ठोकळा उपसला, मागे दार धाडकन आपटलं. आफ्राने वळून पाहिलं.

“आई, कुठे?”

“चुलीकडे बघ,” मी म्हटलं. “क्नोडल फुटतील.”

बँडवाले बाजूला सरकले. मी चढ उतरले, त्याच्या मागे गेले, ठोकळा मागच्या चाकाला लावला आणि टाचेने ठोकला.

“सोड,” मी म्हटलं.

“मालकीणबाई, रीत...”

“रीत गाडीला हात लावू नको म्हणते. मी ठोकळ्याला हात लावते आहे. ठोकळा माझा आहे. सोड, नाहीतर माझ्या पायावर मरशील.”

त्याने ब्रेक सोडला. गाडी ठोकळ्यावर बसली. त्याने आकाशाकडे तोंड करून श्वास घेतले, मी मोजले, दहा. “आता,” मी म्हटलं. चार मीटर. ठोकळा. दहा श्वास. पुन्हा चार मीटर.

“माझा नवरा पाच पाच मीटर जायचा,” मी म्हटलं.

“त्याची गाडी... किती किलोची?”

“ऐरण होती त्यात. बोलू नकोस, दम वाया जातोय.”

पाऊण चढ झाला आणि वर क्विरिनने घंटा सुरू केली. सणाच्या दिवशी आमची मोठी घंटा हातानेच वाजवतात, दोराने, तीन मिनिटं. चर्चच्या उघड्या दारातून तो मला दिसत होता, टोपी काढून ठेवलेली, दोराबरोबर वर खाली. अजून वीस मीटर. चार चार करून पाच वेळा. दहा दहा श्वास. हिशेब माझ्या बाजूने नव्हता.

“जाऊ दे,” सीट्से म्हणाला. “मालकीणबाई, नाही जमणार.”

“तोंड बंद आणि पाय पुढे!”

पन्हळीवर आफ्रा उभी होती. हाताची घडी घालून, आणि त्या घडीत बोटं आवळलेली. तिने स्वयंपाकाचा ॲप्रन काढून खांद्यावर टाकला होता. जाणाऱ्या माणसासारखा.

आठ मीटर उरले आणि घंटेचे ठोके विरळ व्हायला लागले. क्विरिन संपवताना नेहमी असंच करतो. दोर हळू हळू सोडतो, तीन, दोन, मग एक आणि टोपी घालून जेवायला.

मी ठोकळा लावला, सरळ उभी राहिले, छातीत होती नव्हती तेवढी हवा भरली आणि ओरडले, “क्विरिन! थांबलास तर बघ!”

बँडमधल्या एकाच्या हातून झांज पडली. चर्चच्या कौलांवरची कबुतरं उडाली. खालच्या रांगेतल्या परदेशी लोकांनी डोक्यावर हेल्मेटं घातली.

आणि क्विरिनला ऐकू गेलं. त्याने दारातून माझ्याकडे पाहिलं, ढकलणाऱ्या सीट्सेकडे पाहिलं, आफ्राच्या खांद्यावरच्या ॲप्रनकडे पाहिलं. मग दोराला दोन्ही हातांनी असा लटकला की पाय जमिनीवरून सुटले. घंटा पुन्हा गर्जली.

त्या वर्षी आमच्या गावात बारा वाजायला अकरा मिनिटं लागली. अजूनही लोक सांगतात.

पुढचं चाक पन्हळीपलीकडे गेलं. मागचं पन्हळीत रुतलं. आफ्रा ओणवी झाली, हात पाठीमागे बांधून, तोंड त्याच्या तोंडाशी आणून म्हणाली, “ढकल रे, शिडी!” हे तिने त्याला ठेवलेलं लाडाचं नाव असावं, मला आत्ताच कळत होतं. त्याने ढकललं. मागचं चाक आत आलं. पेटीतली हत्यारं खणखणली. गाडी अंगणात उभी राहिली आणि तो तिच्याशेजारी बसला, सरळ फरशीवर.

मी चर्चकडे वळून हात वर केला. क्विरिनने दोर सोडला. एक ठोका. शेवटचा. तो टोपी घालून जेवायला आला.

आफ्राने खांद्यावरचा ॲप्रन काढून कमरेला बांधला. ठोकळा माझ्या हातातून घेतला आणि जाऊन स्वयंपाकघराच्या दाराखाली सरकवला.

टेबलावर सीट्सेला मी इग्नाट्सच्या जागी बसवलं, शेगडीला पाठ करून. त्याने दोन क्नोडल संपवले. मग त्याने खिडकीकडे मान वळवली आणि म्हणाला, “मालकीणबाई, ही खिडकी नीट बसत नाही. रस्त्याचा सगळा आवाज त्या फटीतून येतो. माझी पेटी आहे इथे. तासाभराचं काम आहे.”

“तासाभराचं?” मी म्हटलं.

“फार तर दीड.”

मी सहा हिवाळे आणि दोनशे चौदा सह्यांचा विचार केला. मग त्याच्या ताटात तिसरा क्नोडल टाकला, तोंड बंद राहावं म्हणून. “खिडकी उद्या,” मी म्हटलं. “आणि मालकीणबाई नको. आई म्हण. मोठ्याने नको, शेजारी ऐकतील. गाडी ऑक्टोबर संपेपर्यंत गोठ्यात राहील. बाहेर काढलीस तर माइनराडला मीच बोलावीन.”

माइनराडचं नाव घेतलं आणि तो दारात हजर. यंत्र हातात, चेहरा सरकारी.

“आत्या,” तो म्हणाला, “मघाशी चढावर हे चालूच राहिलं होतं. तू क्विरिनला हाक मारलीस तेव्हाचा आकडा आलाय. एकशे एक. सप्टेंबर महिना आहे. रस्ता तोच आहे.” मागे त्याची बायको हसू दाबत उभी होती, म्हणजे हे दोघांनी ठरवून चाललं होतं.

सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. सीट्सेने तर वही काढली.

मी चमचा खाली ठेवला. “यंत्र नुसतं दाखवायला असतं. तूच म्हणाला होतास. दंड कागदावरच्या आकड्यावर होतो.”

“हो.”

“मग वर जा. माझ्या कपाटात, इग्नाट्सच्या फोटोखाली, माझ्या जन्माचा दाखला आहे. नाव आहे, गाव आहे, आईबापाची सही आहे. त्यात कुठे आवाजाचा आकडा लिहिलेला असला तर खाली घेऊन ये. नसला तर हात धू आणि जेवायला बस.”

माइनराडने यंत्र खिशात घातलं आणि हात धुवायला गेला.

“सगळ्यात वरच्या कप्प्यात आहे हो!” मी मागून ओरडले.

चर्चमागच्या झाडावरून कबुतरं पुन्हा उडाली.